दात दुधात ठेवा, ही बातमी कधी छापणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्याच पानावर मोठ्ठी बातमी होती की एका वनस्पतीच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी ४८ तासांत मेल्या, आणि मथळा काय तर 'कॅन्सरवर रामबाण'. सकाळी साडेसातपर्यंत ती मला अकरा जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, कारण मी पेशींच्या लॅबमधे कामाला आहे हे सगळ्या गोतावळ्याला माहितीय आणि 'बघ गं, तुमच्याच लाईनचं आहे' म्हणून लोक हौसेने पाठवतात. त्यातल्या एक बाई माझ्या मैत्रिणीच्या आई, स्वतः केमो घेतायत, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की हे कुठे मिळेल. त्यांना काय उत्तर देऊ ते मला दुपारपर्यंत सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

मी शास्त्रज्ञ नाही, टेक्निशियन आहे. गेली बारा वर्षं कॅन्सरच्या पेशी वाढवते, म्हणजे त्यांना खायला घालते, पसारा वाढला की एका फ्लास्कातून दोन फ्लास्कात करते आणि सुट्टीच्या दिवशी सुद्धा त्यांना बघायला जाते. तर या अनुभवावरून सांगते, कॅन्सरच्या पेशी बशीत, म्हणजे शरीराबाहेर लॅबमधल्या ताटलीत, मारणं हे आमच्याकडचं सगळ्यात सोपं काम आहे, अवघड आहे ते त्यांना जिवंत ठेवणं. ३७ डिग्री तापमान पाहिजे, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड पाहिजे, गुलाबी रंगाचं मीडिया, म्हणजे पेशींचं पातळ खाणं पाहिजे, त्यात सिरम, म्हणजे रक्तातलं पातळ पाणी पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी गुलाबी ठेवून गेलेला फ्लास्क सोमवारी पिवळा दिसला की पोटात गोळा येतो, कारण पेशींनी सगळं खाऊन आत आम्ल करून ठेवलेलं असतं. एकदा नवीन आलेल्या एका मुलीने पेशी धुवायला बफरऐवजी, म्हणजे पेशींना मानवणाऱ्या खाऱ्या पाण्याऐवजी, चुकून नुसतं डिस्टिल्ड पाणी घातलं, आम्ही मायक्रोस्कोपखाली बघतोय तोवर पेशी फुग्यासारख्या टम्म फुगल्या आणि फुटायला लागल्या, पाच-सात मिनिटांत खेळ खलास. आता 'पाण्याने कॅन्सर बरा' असं छापायचं का? साबणाने मरतात, जास्त मिठाने मरतात, त्यांच्या उबदार कपाटाचं दार नीट लागलं नाही तरी मरतात. औषधाची खरी परीक्षा ही की शेजारच्या चांगल्या पेशी न मारता ह्यांनाच मारतं का, आणि मग उंदरात, आणि मग माणसात, एकेक पायरी, त्यात वर्षं जातात. माणसावरच्या पहिल्या चाचणीपर्यंत पोचलेल्या कॅन्सरच्या औषधांतली सुद्धा शंभरातली जेमतेम पाच शेवटी मंजूर होतात, आणि बशीत मेलेल्या पेशी तर त्या चाचणीच्याही कितीतरी आधीची गोष्ट.

शिवाय बशीतल्या पेशी नक्की कुणाच्या, हाही एक घोळ असतोच. जगभर वापरतात त्या हेला पेशी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या गर्भाशयाच्या मुखाच्या गाठीतून घेतलेल्या, त्यांना न विचारता घेतलेल्या, आणि त्या इतक्या चिवट की जरा हलगर्जी झाली की दुसऱ्या फ्लास्कात शिरून तिथल्या पेशींना हुसकावून लावतात. १९६६ मधे स्टॅनली गार्टलर यांनी भर परिषदेत सांगितलं की वेगवेगळ्या म्हणून वापरात असलेल्या १८ प्रकारच्या पेशी खरं तर सगळ्या हेलाच आहेत, आणि लोकांचा विश्वासच बसेना. आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली, एमडीए-एमबी-४३५ नावाच्या पेशी वर्षानुवर्षं ब्रेस्ट कॅन्सरच्या म्हणून वापरल्या गेल्या आणि नंतर जनुकं तपासल्यावर कळलं की त्या मेलानोमाच्या आहेत, म्हणजे कातडीच्या कॅन्सरच्या! आता आमच्याकडे पेशींची ओळखपरेड ठराविक दिवसांनी होते, पण तरी बातमीत 'कॅन्सरच्या पेशी' एवढंच वाचलं की मला पहिला प्रश्न हाच पडतो, कुठल्या आणि तपासल्या होत्या का.

तर हे झालं नेहमीचं रडगाणं, ते आमच्या लाईनचा कुणीही सांगेल. मला खरं बोलायचंय ते दाताबद्दल.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. शाळेत पळापळीत दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर तोंड आपटलं आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर पडला, पक्का दात. मला लॅबमधे फोन आला, 'काळजी करू नका, रक्त थांबलंय आणि दात सापडलाय, स्वच्छ धुऊन ठेवलाय.' मी पोचले तर तिथल्या एका ताईंनी अगदी मायेने माझ्या हातात टिश्यू पेपरची पुडी दिली. त्यांनी दात नळाखाली धरून साबण लावून चांगला घासला होता, मूळ पांढरंशुभ्र केलं होतं. मी ती पुडी उघडून बघत राहिले आणि मला कळलं की झालं. बारा वर्षं मी दुसऱ्यांना ओरडत आलेय की पेशींना पाणी लावू नका, कोरडं पडू देऊ नका, आणि माझ्या पोराच्या दातावरच्या पेशी आधी नळाच्या पाण्यात आणि मग कागदात वाळत पडल्या होत्या. त्या ताईंवर मी आजही रागावलेली नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी तरी कधी हा विचार केला होता? माझ्या लॅबच्या फ्रिजमधे त्या वेळी हँक्स सोल्यूशनच्या चार बाटल्या पडून होत्या. पेशी काही तास तगवायला १९४० च्या दशकात जॉन हँक्स यांनी बनवलेलं हे खारं पाणी, आम्ही रोज वापरतो, आणि उखडलेला दात ठेवायला सुद्धा तेच उत्तम मानतात हे मला त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर मॅडमकडून कळलं.

मॅडमनी तीन प्रश्न विचारले. किती वाजता पडला, कशात ठेवला होता, कोरडा किती वेळ होता. एक तास पन्नास मिनिटं, म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, ग्लोव्हज घातले आणि कामाला लागल्या. दात परत बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला, दोन आठवड्यांनी तार काढली, रूट कॅनल झालं. एवढा उशीर झाला असला तरी बसवतात, कारण निदान तिथलं हाड टिकतं आणि पोर हसू शकतं. आता दर तपासणीला त्या आरशाच्या दांड्याने दातांवर टकटक करतात, बाकीच्या दातांचा आवाज बद्द येतो आणि ह्या एकाचा टणटण, धातूवर मारल्यासारखा. म्हणजे दात हाडाला चिकटलाय, मधली गादी गेली. मुलाचा जबडा वाढतोय, बाकीचे दात त्याच्याबरोबर खाली येतायत आणि हा जिथल्या तिथे, त्यामुळे आता तो शेजारच्यापेक्षा आखूड दिसतो, आणि हळूहळू शरीर त्याचं मूळ खाऊन तिथे हाड भरत जाणार. फोटो काढताना तो वरचा ओठ खाली ओढून धरतो. अकरा वर्षांचं पोरगं.

ती मधली गादी म्हणजेच सगळा खेळ आहे. दाताच्या मुळावर एक ओलसर पातळ पापुद्रा असतो, पेरिओडाँटल लिगामेंट म्हणतात, दात हाडात रुतून न बसता त्याच्यावर टांगलेला असतो. दात उखडला की त्याचे अर्धे धागे दाताबरोबर बाहेर येतात आणि त्यातल्या पेशी जिवंत असतात. कोरड्या हवेत अर्ध्या तासात बहुतेक मरतात, तासाभरानंतर तर काही उरलंय असं धरतच नाहीत. नळाचं पाणी का नको तर तेच, आमच्या फ्लास्कातल्यासारखं, पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेरचं पाणी पातळ, मग पाणी आत घुसतं आणि पेशी फुटते. दुधाचं तसं नाही, दुधातल्या क्षारांचं प्रमाण पेशीला मानवतं, आंबटपणा जवळजवळ नाही, पाश्चराइज केलेलं असेल तर जंतू कमी. दूध मेलेल्या पेशी जिवंत करत नाही, फक्त जिवंत आहेत त्यांना काही तास धरून ठेवतं. बस, तेवढंच पाहिजे असतं.

म्हणून काय करायचं ते इथे लिहितेच, कारण दुसरीकडे कुठे छापून येत नाही. पक्का दात पडला तर तो पांढऱ्या बाजूने उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमधे हलकेच बुडवून काढा, नाहीतर मुलाच्याच थुंकीने, पण घासायचं नाही, साबण नाही, पुसायचं नाही. आणि जमलं तर तिथल्या तिथे परत खाचेत बसवा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. हे वाचताना अंगावर काटा येतो मान्य आहे, पण सगळ्यात चांगला निकाल त्यानेच मिळतो. धीर होत नसेल, किंवा मूल बेशुद्ध असेल, उलट्या करत असेल, तर दात दुधाच्या भांड्यात टाका आणि पळा, अर्थात डोक्याला मार असेल तर आधी ते बघा, दात दुसऱ्या नंबरला. दूध नसेल तर मुलालाच वाटीत थुंकायला लावून त्यात ठेवा. काहीच नसेल तर मग पाणी, कारण कोरडं ठेवण्यापेक्षा तेही बरं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचारतील. आणि दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खाली पक्क्या दाताचा अंकुर असतो त्याला इजा होते. दुधाचा की पक्का ते कळत नसेल तर दुधात घालून घेऊन जा, डॉक्टर ठरवतील. (दुधाचा दात दुधात नको आणि पक्का दात दुधात, ह्यावरून आमच्याकडे एवढा गोंधळ झाला की शेवटी मी फ्रिजवर चिठ्ठी लावली.)

हे काही माझ्या मनचं नाही. कोपनहेगनच्या जेन्स ओव्हे अँड्रिएसन यांनी आयुष्य ह्याच विषयात घातलं, १९९५ मधे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी परत बसवलेल्या ४०० दातांचा हिशोब मांडला, कुठला टिकला कुठला नाही आणि का. दातांच्या इजांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या २०२० च्या सूचनांमधे वरचं सगळं आलेलं आहे. आणि कुणाला वाटत असेल की असं कितीजणांना होतं, तर २०१८ मधे जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की आज जिवंत असलेल्या साधारण १०० कोटी लोकांना कधी ना कधी दाताला मार लागलेला आहे. सगळ्यांचा दात उखडत नाही, बऱ्याच जणांचा नुसता टवका जातो किंवा हलतो, पण तरी १०० कोटी! आणि मी आपला पेपर वीस वर्षं वाचतेय, एवढ्यात एकदाही ह्यावर चौकट आलेली मला आठवत नाही. इथे संशोधन झालंय, माणसांवर झालंय, औषध म्हणाल तर घरोघरी असतं, आणि हातात वेळ तासाभराचाच. बातमी नाही तर काय आहे ही?

आता कातडीचं थोडक्यात सांगते, कारण त्यातही मी स्वतःच सापडलेय. मला सोरायसिस आहे, कोपरं, गुडघे आणि डोक्यावरची कातडी. चांगल्या कातडीला खालून वर येऊन झडायला महिनाभर लागतो, सोरायसिसमधे ते काम तीन ते पाच दिवसांत उरकतं म्हणून खपल्या साचतात. संसर्गजन्य अजिबात नाही, तरी कोपर दिसलं की शेजारी बसलेला माणूस जरा सरकतोच, आता सवय झाली. क्रीमने भागेना तेव्हा डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं, आठवड्यातून एकदा, आणि सासूबाईंनी पाकिटावरचं नाव मोबाईलवर शोधलं. रात्री जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणतात, 'अगं, एवढं मोठं दुखणं आणि तू आम्हाला सांगितलं सुद्धा नाहीस?' त्यांच्या डोळ्यात पाणी. कारण इंटरनेटवर पहिलंच वाक्य की हे कॅन्सरचं औषध आहे.

आणि आहेच ते! म्हणजे जन्माने कॅन्सरचंच. १९४८ मधे बोस्टनला सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं आणि त्यातली १० काही काळ सुधारली, तोवर त्या आजारात कुणी सुधारणं फार क्वचित दिसायचं. ते औषध तयार झालं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमकडे, आपले आंध्रातले, अमेरिकेत जाऊन काम केलेले, नाव फारसं कुणी घेत नाही. मग १९५१ मधे दुसऱ्या काही डॉक्टरांनी तेच औषध सांधेदुखीच्या पेशंटना दिलं, तर त्यातल्या ज्यांना सोरायसिस होता त्यांचे चट्टे जायला लागले. कुणी शोधायला गेलंच नव्हतं. मेथोट्रेक्सेट हा त्याच औषधाचा धाकटा भाऊ. कॅन्सरला देतात त्यामानाने आमचा डोस किरकोळ, पण एक गोष्ट मात्र जीवावरची आहे, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि चुकून रोज घेऊन माणसं दगावलेली आहेत. मी कॅलेंडरवर रविवार लाल पेनने गोल करते, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी, मधेमधे रक्त तपासणी. मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही. हे सगळं मला डॉक्टरांनी सांगितलं, पण पेपरात सोरायसिसबद्दल आलेलं शेवटचं मी वाचलं ते 'सात दिवसांत मुळापासून बरा' अशी जाहिरात होती, बातमी नव्हे.

तेव्हा बशीतल्या पेशींवरचं काम फुकट आहे असं मी म्हणत नाहीये, माझं पोटच त्यावर आहे. १९७० च्या दशकात हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचा विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड उंदराच्या एका गाठीच्या पेशी वाढवत होते, त्यात त्यांना कातडीसारख्या पेशींचे ठिपके दिसले, ते का वाढतायत हे बघता बघता माणसाची कातडी बशीत वाढवायची रीत सापडली, आणि ती पुढे भाजलेल्या माणसांना लावली गेली. २०१७ मधे तर जर्मनीत एका सात वर्षांच्या मुलाची बातमी आली, त्याला जन्मजात असा आजार की नुसत्या स्पर्शाने कातडी सुटायची, त्याच्याच पेशीतलं जनुक दुरुस्त करून, बशीत कातडी वाढवून, शरीराची साधारण ८० टक्के वरची कातडी नवी बसवली. उंदराच्या गाठीपासून त्या मुलापर्यंत चाळीस-एक वर्षं! दाताचंही तसंच, २०१८ मधे चीनमधल्या शिआनच्या डॉक्टरांनी मार लागून आतली नस मेलेल्या मुलांच्या पक्क्या दातात त्यांच्याच दुधाच्या दातातल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी, घातल्या आणि वर्षभरात त्या दातात रक्तपुरवठा आणि संवेदना परत आल्या. हे वाचून मी रात्री जागी होते, खोटं कशाला सांगू. पण अभ्यासात घेतलेली मुलं होती ४०, आणि तेवढ्यावर दुधाचे दात साठवून ठेवायच्या जाहिराती मात्र जोरात चालू आहेत. माझ्या मुलाच्या दाताची अडचण तर नसेची नाहीच, बाहेरच्या पापुद्र्याची आहे, म्हणून त्याला ह्याचा उपयोगही नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. अशी बातमी आली की पहिल्या दोन ओळींत एवढं छापा की हे बशीत झालं, उंदरात झालं की माणसात, आणि माणसात असेल तर किती माणसांत. आतल्या पानावर सातव्या परिच्छेदात नको, तिथवर कुणी जात नाही. मैत्रिणीच्या आईंना मी शेवटी फोन करून सांगितलं की अजून ते फक्त फ्लास्कात आहे, त्या म्हणाल्या 'बरं', आणि विषय बदलला. आणि शाळा सुरू होतात त्या आठवड्यात दाताची एक चौकट टाका, चित्र काढून, कापून भिंतीवर चिकटवता येईल अशी. चित्रासाठी मदत लागली तर माझ्या मुलाच्या डॉक्टर मॅडम तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

पत्र लांबलंय हे मला कळतंय. जागा कमी पडली तर सोरायसिसचा भाग कापा, हेला पेशींचा कापा, पण दुधाचा तेवढा ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक